वासरू ओढायचा जॅक: सोलापूरच्या गोठ्यात तो कितपत कामाचा?

विताना अडलेल्या गाईचं वासरू ओढून काढायचा जॅक घ्यावा की नाही, याचं उत्तर आधीच देतो. दोन-चार गाईंच्या घरगुती गोठ्याने तो घेऊ नये. वीस-पंचवीस होल्स्टिन संकरित गाई आहेत, दरसाल त्यात काही पहिलारू कालवडी विणार आहेत आणि हात घालून आतल्या वासराची ठेवण ओळखणारा एक तरी माणूस घरात आहे, अशा गोठ्याने घ्यावा. फक्त पंढरपुरी म्हशी सांभाळणाऱ्याला त्याचा उपयोग जवळपास नाही, खिलारवाल्याला क्वचितच. गावातल्या दूध संस्थेने एक चांगला जॅक घेऊन डॉक्टरांच्या हाती ठेवला, तर तो सगळ्यात योग्य जागी पोचला असं आम्ही म्हणू.

वस्तू अशी आहे. साधारण सहा फुटांचा लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमचा दांडा. त्याच्या एका टोकाला इंग्रजी यू अक्षरासारखी कमान, ती गाईच्या मांड्यांना मागून, निरणाच्या (योनीद्वाराच्या) खाली टेकते. दांड्यावर मागे-पुढे सरकणारं रॅचेटचं (दातागणिक अडत सरकणाऱ्या खटक्याचं) डोकं, त्याला हँडल आणि आकडे. वासराच्या पायांना बांधलेल्या साखळ्या किंवा दोऱ्या आकड्यांत अडकवायच्या, हँडल हलवलं की डोकं दातागणिक मागे सरकतं आणि वासरू ओढलं जातं. यात दोन प्रकार मिळतात. एकात दोन्ही पाय एकाच वेळी ओढले जातात. दुसऱ्यात दोन आकडे असतात आणि हँडल एकदा डावीकडचा पाय ओढतं, एकदा उजवीकडचा. घ्यायचाच तर दुसरा घ्या. वासराचे दोन्ही खांदे एकदम गाईच्या कमरेच्या हाडाच्या कमानीत शिरले तर अडकतात. एक पाय चार बोटं पुढे, मग दुसरा, असं केलं की खांदे तिरके होऊन निघतात. अनुभवी माणसं दोरीने ओढतानाही हेच करतात.

या यंत्राबद्दल सगळ्यात आधी समजून घ्यायचं ते त्याच्या जोराबद्दल. गाय कळ देते तिचा जोर साधारण ७० किलोच्या आसपास धरतात. एक धडधाकट माणूस दोरीने ओढतो, तोही जवळपास तेवढाच. जॅक मात्र ४०० किलोपर्यंत जोर लावू शकतो. आणि हा जोर ओढणाऱ्याच्या हाताला जाणवत नाही, तो दातांमध्ये आणि तरफेत लपलेला असतो. दोरीने ओढताना वासरू अडलं तर आपल्या खांद्याला कळतं. जॅकमध्ये हँडल पुढच्या दातावर जातच राहतं आणि आत पाय मोडतो, बरगड्या तुटतात किंवा गाईचा जन्ममार्ग फाटतो. म्हणून आमचा नियम असा की हँडल एका हाताने सहज हलतंय तोवरच चालवायचं. दुसरा हात लावावासा वाटला, की थांबायचं. दोन-तीन माणसांनी दोरीने जेवढं ओढलं असतं त्यापेक्षा जास्त ओढ जॅकनेही द्यायची नसते. मग जॅकचा फायदा काय? तो एकट्यादुकट्या माणसाला रात्री तीन वाजता दोन माणसांचं बळ देतो, आणि ओढ हिसक्याने न लागता सारखी लागते. फायदा एवढाच, पण हातात माणसं नसतात तेव्हा तो मोठा असतो.

आता आपल्या जिल्ह्यातली जनावरं. माळशिरस, माढा, करमाळा, बार्शी भागात होल्स्टिन संकरित गाई भरपूर आहेत. त्यांचं वासरू ३० ते ४० किलोचं होऊ शकतं आणि कालवड लहान असेल तर ते अडतं. जॅकची खरी जागा इथे आहे. सांगोला, मंगळवेढा पट्ट्यातल्या खिलार गाईचं वासरू हलकं, अंगाने सडपातळ. ती बहुतेक वेळा कुणाच्या मदतीशिवाय विते. अपवाद म्हणजे खिलार कालवडीला मोठ्या अंगाच्या विदेशी वळूचं रेतन केलेलं असेल तेव्हा.

म्हशीचं प्रकरण वेगळं आहे आणि जॅकवाल्या माणसाने ते नीट वाचावं. म्हशीत, आणि पंढरपुरी त्याला अपवाद नाही, अडण्याचं एक मोठं कारण म्हणजे गर्भाशयाला पीळ पडणं. बहुतेक वेळा हा पीळ उजव्या बाजूला असतो आणि दिवस भरल्यावर, विण्याच्या सुरुवातीला पडतो. म्हैस ऊठबस करते, पोटाला लाथ मारते, चारा सोडते, शेपटी उचलून धरते, पण पाणमोट (वासराभोवतीची पाण्याची पिशवी) दिसत नाही आणि कळा पुढे जात नाहीत. पुढे तर कळा मंदावतात आणि माणसाला वाटतं, अजून वेळ आहे. निरण एका बाजूला ओढल्यासारखं दिसतं. हात घातला तर मार्ग सरळ न जाता स्क्रूच्या आट्यांसारखा वळत जातो. यात ओढण्यासारखं काही नसतंच. पीळ न सोडवता जोर लावला तर गर्भाशय फाटतं. कळा आणणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं तरी तोच धोका. इलाज म्हणजे म्हशीला पिळाच्या बाजूवर आडवं पाडायचं, कुशीवर नऊ ते बारा फुटांची फळी ठेवायची, फळीचं एक टोक जमिनीवर, वरून एका माणसाने दाब द्यायचा आणि म्हशीला पिळाच्याच दिशेने हळूहळू उलटवायचं. आतलं वासरू फळीच्या दाबाने जागेवर धरलं जातं आणि म्हशीचं शरीर पीळ उलगडत फिरतं. हे डॉक्टरांच्या हाताखालीच करायचं, कारण प्रत्येक फेरीनंतर आत हात घालून पीळ सुटला का हे पाहावं लागतं. पंढरपुरीची तलवारीसारखी लांब शिंगं उलटवताना जमिनीत रुततात आणि मान मुरगळते, म्हणून डोक्याला एक माणूस फक्त शिंगं सांभाळायला हवा. पीळ पडून जितके तास जातील तितकी म्हैस आणि रेडकू दोघांची आशा कमी होते. अशा वेळी जॅक शोधत बसण्यापेक्षा १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन लावा किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात माणूस पाठवा.

गाईकडे परत येऊ. जॅक लावण्याआधी किती थांबायचं? विण्याचा पहिला टप्पा, म्हणजे अस्वस्थता, शेपटीच्या दोन्ही बाजूंचे खड्डे सैल पडणं, चिकट स्राव, हा दोन ते सहा तास चालतो. कालवडीत बारा तासही लागतात. या काळात गर्भाशयाचं मुख उघडत असतं आणि जॅकचा त्याच्याशी काही संबंध नाही. आमच्या पाहण्यात जॅकने झालेली सर्वात वाईट इजा याच टप्प्यातली असते: मालक घाबरतो, मुख अर्धंच उघडलेलं असतं, दोन खूर हाताला लागतात आणि साखळी बांधली जाते. पाय बाहेर दिसायला लागल्यापासून व्यालेल्या गाईत अर्धा तास, कालवडीत एक तास काहीच पुढे सरकलं नाही, किंवा पाणमोट फुटून दोन तास झाले, तर हात घालून पाहायची वेळ झाली. पाहायची म्हणतो आहोत, ओढायची अजून नाही.

हात घालताना खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा हातमोजा घालायचाच. ब्रुसेला (गाई गाभडायला लावणारा जंतुरोग) माणसालाही होतो आणि तो वार, पाणी, वासरू यांतून येतो. निरण आणि शेपटीचं बूड साबणाने धुऊन पोव्हिडोन आयोडीनच्या पातळ पाण्याने पुसायचं. मोज्यावर निसरडं करणारं जेल लावायचं. साबण आत जाऊ देऊ नका, तो मार्गातला नैसर्गिक चिकटपणा धुऊन टाकतो आणि मग वासरू कोरड्या मार्गात घासतं. कपड्याची पावडर तर नकोच.

आत पहिला प्रश्न: हे पुढचे पाय की मागचे? खुरांचे तळवे खाली असतील तर बहुधा पुढचे, वर असतील तर बहुधा मागचे. पण वासरू उताणं असलं तर हे फसवतं, म्हणून सांधे चाचपा. पुढच्या पायाचे खुराकडून पहिले दोन सांधे एकाच दिशेने वळतात. मागच्या पायात दुसरा सांधा उलट वळतो आणि टाचेसारखं टोकदार हाड लागतं. दुसरा प्रश्न: दोन्ही पाय एकाच वासराचे का? पायावरून हात न उचलता छातीपर्यंत जायचं. जुळं असेल तर एक पाय एकाचा आणि दुसरा दुसऱ्याचा धरला जाऊ शकतो, आणि त्यावर जॅक लावला तर काय होईल ते सांगायला नको. तिसरा: डोकं कुठे आहे? ते दोन पायांच्या मध्ये, नाक पुढे, असं हवं. मान कुशीकडे वळलेली, एक पाय गुडघ्यातून मुडपलेला, किंवा मागे फक्त शेपूट लागते आणि दोन्ही मागचे पाय पोटाखाली गेलेले, यांतलं काहीही आढळलं तर जॅक बाजूला ठेवा. आधी ठेवण सरळ करायची, आणि ते कळा थांबलेल्या मधल्या वेळात वासराला आत ढकलून, खूर हाताच्या ओंजळीत झाकून करायचं असतं. हे काम डॉक्टरांचं. चौथा: वासरू जिवंत आहे का? खुरांच्या बेचक्यात चिमटा घ्या, तोंडात बोट घाला, उलटं असेल तर गुदद्वारात बोट लावा. हालचाल झाली तर घाई करण्यात अर्थ आहे. मेलेलं, कोरडं पडलेलं, फुगलेलं वासरू जॅकने ओढणं म्हणजे गाय घालवणं.

वासरू मार्गातून मावेल का, याची एक परीक्षा आहे आणि जॅक वापरणाऱ्या प्रत्येकाला ती यायला हवी. एका पायाला दोरी लावून एका माणसाने साधं ओढायचं. खुराच्या वरचा पहिला सांधा निरणाच्या बाहेर चार बोटं आला, म्हणजे त्या बाजूचा खांदा हाडाच्या कमानीत शिरला. तो पाय तसाच धरून दुसरा ओढायचा. दोन्ही आले आणि कपाळही कमानीत शिरलं, तर वासरू निघेल. ओढल्यावर डोकं आत येण्याऐवजी मागे किंवा बाजूला ढकललं जात असेल, किंवा दोन्ही पाय आतून एकमेकांवर कात्रीसारखे चढत असतील, तर खांदे फार रुंद आहेत. इथे जॅकचं काम संपलं आणि सिझेरियनचा विचार सुरू झाला. सिझेरियन गोठ्यातही होतं, गाय उभी असतानाही होतं. पण दोन तास जॅक लावून थकवलेल्या, आतून सुजलेल्या गाईवर ते करण्यात आणि वेळेवर करण्यात फार फरक पडतो.

परीक्षेत वासरू पास झालं तर बांधणी. जॅकसोबत येणाऱ्या साखळ्या बहुतेक बऱ्या असतात, पण बरोबर कशा बांधायच्या हे पत्रकात नीट लिहिलेलं नसतं. फास खुराच्या वरच्या पहिल्या सांध्याच्या वर, आणि सांध्याच्या खाली एक अर्धा वेढा. म्हणजे जोर दोन ठिकाणी वाटला जातो. एकच फास सांध्यावर बसवला तर हाड तिथेच मोडतं, विशेषतः वजनदार वासराचं. साखळीची ओढ पायाच्या वरच्या अंगाने यायला हवी. डोक्याला तिसरी दोरी लावायची ती कानांच्या मागून तोंडात अशी, आणि तिने फक्त डोक्याला दिशा द्यायची; खालच्या जबड्याला दोरी बांधून ओढलं तर जबडा तुटतो. दोऱ्या तीन रंगांच्या ठेवा, डावा, उजवा, डोकं. अंधारात आणि गोंधळात रंग कामाला येतो.

आता जेल. कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजचं जेल पशुवैद्यकीय औषधांच्या दुकानात मिळतं. लीटरभर तरी आत, वासराच्या डोक्याभोवती आणि खांद्यांवर जायला हवं. लोक तळहातभर लावतात आणि समजतात झालं. जॅक हँडलला जड लागतो आहे अशा कितीतरी वेळी खरं कारण कोरडा मार्ग असतं.

गाय शक्यतो उजव्या कुशीवर आडवी करा, म्हणजे डावीकडचं मोठं पोट (रुमेन) वरच्या बाजूला मोकळं राहतं. उभ्या गाईला जॅक लावला आणि ती मध्येच बसली, तर सहा फुटांचा दांडा जमिनीवर आपटून तरफेचा सगळा जोर वासरावर जातो. मागे दोन मीटर जागा मोकळी हवी. दावणीला गळ्यातली दोरी आवळलेली नको, सुटगाठीने बांधा. कमान निरणाच्या खाली मांड्यांवर टेकवायची, ती वर सरकून निरणावर दाबत असेल तर लगेच सैल करून पुन्हा बसवा. बऱ्याच जॅकच्या कमानी मोठ्या विदेशी गाईंच्या मापाच्या असतात. आपल्या लहान अंगाच्या कालवडीवर त्या रुंद पडतात आणि एका बाजूला सरकतात. ही या यंत्रातली आम्हाला सर्वात खटकणारी गोष्ट. कमानीला रबराची जाड गादी आणि वर पाठीवरून घ्यायचा पट्टा असेल तर हा दोष बराचसा झाकतो. पट्टा नसलेला जॅक घेऊच नका.

ओढायचं ते कळेबरोबर. कळ आली की हँडल, कळ गेली की थांबा. एक दात मागे सोडला तरी चालेल, वासराच्या छातीला आणि नाळेला रक्त मिळू द्या. डोकं बाहेर येईपर्यंत ओढ सरळ, गाईच्या पाठीच्या रेषेत. घाईने दांड्याचं टोक खाली दाबलं तर तरफेने जोर कितीतरी पटींनी वाढतो आणि तो चुकीच्या दिशेने जातो. डोकं आणि छाती बाहेर आल्यावर हळूहळू दिशा खाली, गाईच्या टाचांकडे. छाती बाहेर आली की थांबा, नाका-तोंडातला चिकट पदार्थ पुसा, वासराला श्वास घेऊ द्या. इथे दहा-वीस सेकंद थांबण्याने काही बिघडत नाही, उलट वासरू श्वास घ्यायला लागतं.

यानंतर कुल्ले अडकणं हा जॅकचा नेहमीचा प्रसंग. अर्धं वासरू बाहेर, पुढे सरकत नाही, आणि माणसं हँडलवर भार टाकतात. कारण साधं आहे: वासराच्या कुल्ल्याची रुंदी आडवी असते, तर गाईच्या हाडाची कमान उभी जास्त उंच असते. म्हणून ओढ सोडा, जेल पुन्हा आत घाला, वासराचे पुढचे पाय एकमेकांवर ओलांडून धरा आणि त्याला पाव वेढा, म्हणजे ९० अंश, फिरवा. मग ओढ खाली, टाचांच्या दिशेने. याच ठिकाणी जोर केला तर गाईच्या मांडीच्या नसा (मज्जातंतू) चेमटतात आणि ती पुढे उठत नाही किंवा मागचे पाय फाकवून घसरते. तसं झालंच तर दोन्ही मागच्या पायांना दीड-दोन फुटांच्या अंतराने मऊ दोरी बांधून पाय फाकू देऊ नका, आणि सिमेंटच्या फरशीवरून तिला मातीत किंवा पाचटाच्या गादीवर न्या.

उलट्या वासरात, म्हणजे मागचे पाय आधी, हिशेब वेगळा. कुल्ले बाहेर आले की नाळ हाडाच्या कमानीत चेपते आणि डोकं अजून आत असतं. तिथून पुढे चार-पाच मिनिटांच्या आत वासरू बाहेर यावं लागतं. म्हणून सुरुवात सावकाश आणि शेवट जलद. आधी दोन्ही टाचा निरणाच्या बाहेर येतात का पाहा. येत असतील तर कुल्ले कमानीतून गेले. सगळी तयारी, जेल, माणूस, टॉवेल, हाताशी आल्यावरच पुढची ओढ सुरू करा. उलट्या वासरावर नवशिक्याने जॅक लावू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

कुठल्याही प्रकारात दहा मिनिटं ओढून बोटभरही फरक पडला नाही, तर थांबा. तिथे आणखी जोराने काही सुटत नाही, आतली ठेवण किंवा माप चुकलेलं असतं.

पाचव्या-सहाव्या वेताची जास्त दूध देणारी गाय कधी कधी मुख पूर्ण उघडूनही कळच देत नाही, कान थंड, मान वळवून बसते. ते कॅल्शिअम कमी पडल्याचं लक्षण. वासरू सरळ असेल तर दोरीनेच सहज निघतं, जॅकची गरज नाही. पण आधी डॉक्टरांकडून शिरेतून कॅल्शिअम गेलं पाहिजे, तेही हळू, हृदयाचे ठोके ऐकत. एप्रिल-मेमध्ये पारा ४२च्या वर असताना पत्र्याखाली दुपारी अडलेली गाय लवकर थकते; अंगावर पाणी, पंखा, सावली, आणि प्यायला बादल्याच्या बादल्या पाणी, हे आधी.

वासरू बाहेर आल्यावर मागच्या पायांना धरून उलटं लटकवायची पद्धत अजून आहे. काही सेकंद ठीक, मिनिटभर नाही. पोटातले अवयव छातीखालच्या पडद्यावर दाबून श्वासच अडतो आणि तोंडातून गळतं ते बरंचसं जठरातलं पाणी असतं. त्याऐवजी छातीवर बसवा, पुढचे पाय पुढे, मागचे दोन्ही बाजूंना बेडकासारखे. नाकपुडीत गवताची काडी, कानात थंड पाणी, अंगाला कोरड्या पोत्याने जोराने चोळणं. नाळ ७ टक्के आयोडीनमध्ये बुडवा, नुसतं वरून शिंपडू नका. ३० किलोच्या वासराला पहिल्या दिवशी तीन लीटर चीक मिळायला हवा, त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत. जॅकने निघालेलं वासरू दमलेलं, जिभेला सूज आलेलं असतं, ते स्वतः प्यायची वाट पाहू नका, बाटलीने पाजा. गाईत पुन्हा हात घालून दुसरं वासरू आणि फाटलेलं काही आहे का पाहा. लालभडक रक्ताची धार असेल तर डॉक्टर लगेच. वार बारा तासांत पडली नाही तरी तिला दगड, चप्पल बांधू नका, ओढू नका. अवघड विण्यानंतर वार अडकणं नेहमीचंच, त्यावर औषध वेगळं आहे.

खरेदीबद्दल. हा काही हजारांचा माल आहे आणि सोलापूर, पंढरपूर, अकलूजच्या दुकानांत सहसा मागवून घ्यावा लागतो, ऑनलाइनही मिळतो. हातात घेऊन पाहायला मिळालं तर या गोष्टी तपासा. ताण असतानाच खटका सुटतो का? दोघांनी ओढून धरा आणि एका हाताने सोडून पाहा. ताणाखाली खटका अडकणारा जॅक म्हणजे अडचणीच्या वेळी वासरू सोडता न येणारा जॅक. दांडा दोन तुकड्यांचा असेल तर जोड आट्यांचा आहे की नुसत्या पिनेचा? आट्यांचा घ्या. रॅचेटचे दात गुळगुळीत, सारखे आहेत का, नखाने तपासा. आकड्यांना कडा धारदार नकोत. गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात नमुना दाखवून बनवून घेतलेले जॅक स्वस्त पडतात, पण त्यात दात मऊ लोखंडाचे असतात आणि ताणाखाली डोकं एकदम घसरतं. तसलं यंत्र आम्ही गोठ्यात ठेवणार नाही. आपल्या बोअरच्या क्षाराच्या पाण्यात धुतलेला जॅक लवकर गंजतो, धुतल्यावर पुसून रॅचेटला तेल घाला.

त्याच पैशाच्या छोट्या हिश्श्यात आधी काय घ्यावं तेही सांगतो: नऊ-दहा मिलिमीटर जाडीच्या, दीड-दोन मीटरच्या नायलॉनच्या विणलेल्या तीन दोऱ्या, टोकाला पक्का फास शिवलेला, ओढायला वीतभर लांबीचे दोन लाकडी दांडके, पाच लीटर जेल, लांब हातमोज्यांचा डबा, आयोडीन, वासराची बाटली, चांगली टॉर्च. अडलेल्या बहुतेक गाई यातच मोकळ्या होतात. आणि त्याहून आधीचा खर्च म्हणजे कालवड २५० किलोच्या पुढे जाईपर्यंत रेतन न करणं आणि पहिल्या वेताला हलक्या वासरांचा म्हणून माहीत असलेला वळू निवडणं. लिंगविनिश्चित वीर्यमात्रा (मादी वासरंच व्हावीत म्हणून निवडलेलं वीर्य) कालवडीत वापरल्याचा हा एक फायदा कमी बोलला जातो: जवळपास दहातली नऊ वासरं मादी होतात, आणि मादी वासरू नरापेक्षा हलकं असतं. विण्याच्या दिवसांत मुख्य चारा संध्याकाळी उशिरा टाकला तर जास्त गाई दिवसा वितात, हेही करून पाहण्यासारखं. दिवसा डॉक्टर आणि माणसं दोन्ही मिळतात.

दूध संस्थेने जॅक घेतला तर तो गोठ्यागोठ्यांत फिरणार, आणि त्याबरोबर रोगही फिरू शकतो. ब्रुसेलासाठी कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात एकदाच लस टोचली जाते, ती सगळ्यांच्या झाली आहे का हे संस्थेने पाहावं. ज्या गोठ्यात सातव्या-आठव्या महिन्यात गाई गाभडल्या आहेत, तिथून आलेला जॅक तसाच दुसरीकडे जाऊ नये. आधी साबण आणि ब्रशने रक्त-चिकटा पूर्ण काढायचा, कारण घाणीवर जंतुनाशक चालत नाही. मग जंतुनाशकात ठेवायचा, साखळ्या वीस मिनिटं उकळायच्या, सगळं उन्हात वाळवायचं. नायलॉनच्या दोऱ्या मात्र प्रत्येक गोठ्याच्या स्वतःच्या असाव्यात, त्या उसन्या देऊ नयेत.